बदललेल्या गुडघ्याजवळ फ्रॅक्चर, पण ऑपरेशन नको: खर्च कुठे कुठे लागतो?

कृत्रिम गुडघा बसवलेली आई न्हाणीत घसरली, सांध्याच्या वर हाडाला चीर गेली आणि डॉक्टर म्हणाले, ऑपरेशनची गरज नाही. लगेच घरी निघू नका. दोन गोष्टी विचारा: हाड जागेवरून सरकलंय का? बसवलेला सांधा अजून घट्ट आहे का? हाड जागेवर आणि सांधा घट्ट, तरच प्लास्टर किंवा ब्रेसवर भागतं. गुडघ्याची वाटी चिरली असेल तर पाय स्वतःहून सरळ उचलता येतो का, तेही बघतात.

सरकारी दवाखान्यात दाखवायचं तर नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. अस्थिरोग ओपीडीला सकाळी लवकर जा. सोबत आधार, रेशनकार्ड, जुने एक्स-रे आणि गुडघा बदलला तेव्हाचं डिस्चार्ज कार्ड. त्या कार्डाच्या फाइलमध्ये सहसा सांध्याची कंपनी आणि माप लिहिलेलं स्टिकर असतं. पुढे कधी हाड सरकलं तर सर्जन तेच मागतात. नसेल तर जुन्या दवाखान्यातून आजच मागवून घ्या.

खासगीत ढोबळ हिशोब असा धरा: एक्स-रे एका वेळी 500 ते 800 रुपये, सीटी लागला तर 3 ते 5 हजार, साधा लांब ब्रेस हजार-दीड हजार, बिजागरीचा 3 ते 6 हजार. खरा पैसा मात्र नंतर जातो. सुरुवातीला दर आठवड्या-दोन आठवड्यांनी एक्स-रे, सहा आठवड्यांपर्यंत पायावर भार नाही, हाड भरायला साधारण तीन महिने. फिजिओ घरी आला तर एका भेटीचे 300 ते 500. पाय वाकत नसल्यानं प्रत्येक खेपेला गाडी करावी लागते, ते वेगळंच.

महात्मा फुले जनआरोग्य योजना दाखल रुग्णाच्या ठरलेल्या उपचारांसाठी आहे. ब्रेस, घरची फिजिओ, फेरतपासणीचे एक्स-रे त्यात धरू नका. तरी योजनेचं कार्ड काढून ठेवा, ऑपरेशनची वेळ आली तर धावपळ नको. वय 70 पूर्ण असेल तर उत्पन्नाची अट नाही, आधारवर आयुष्मान वय वंदना कार्ड निघतं. चौकशी 14555 वर.

ब्रेस दवाखान्याच्या काउंटरवरूनच घ्यायला हवा असं नाही. प्रकार आणि माप चिठ्ठीवर लिहून घ्या, बाहेर दोन दुकानांत दर विचारा. वॉकर, कमोड खुर्ची भाड्यानं मिळते का बघा. आरोग्य विभागाच्या ग्रामीण आणि उपजिल्हा रुग्णालयांत 15 ऑगस्ट 2023 पासून तपासण्या मोफत आहेत. मधले एक्स-रे तिथे चालतील का, हे डॉक्टरांना आधीच विचारा.

हाडवैद्याकडे पाय ओढून, चोळून घ्यायला मात्र जाऊ नका. जागेवरचं हाड तिथे सरकतं आणि टळलेलं ऑपरेशन गळ्यात पडतं. टाच, माकडहाड रोज बघा, पडून राहून जखमा होतात. पोटरी सुजून दुखू लागली तर त्याच दिवशी दवाखाना गाठा. दम लागला तर थेट 108.