निवटी : चिखलावर येणारा मासा

ग्वाल्हेरकरांना समुद्र दूरचा. मासा पाण्याबाहेर काढला की मरतो, हेच आपण धरून चालतो. कोकणच्या खाड्यांतील निवटी मात्र ओहोटी लागली की आपण होऊन चिखलावर येते. छातीकडचे पर तिला पायांसारखे उपयोगी पडतात. डोळे बेडकासारखे माथ्यावर असतात. कल्ल्यांच्या पोकळीत ती पाणी धरून ठेवते, शिवाय ओली त्वचा आणि तोंडाचे आतले अस्तर यांतूनही प्राणवायू शोषते. म्हणूनच अंग वाळू देणे तिला परवडत नाही. (खाडीकाठी तिचे कालवण आवडीने खातात, हेही सांगितले पाहिजे.)

खरा पेच अंड्यांचा. ती चिखलाखालच्या बिळात असतात, आणि तेथील पाण्यात प्राणवायू जवळजवळ नसतोच. जपानमधील निवटीच्या एका जातभाईवर २००७ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात याचा उलगडा झाला. बिळाचे टोक वर वळलेले असते. नर तोंडात हवा भरून खाली जातो व तेथे सोडतो. ती वर अडकून राहते, अंडी त्या हवेत वाढतात. अशा किती खेपा! पिले तयार झाली की रात्रीच्या भरतीला तोच नर ती हवा तोंडानेच बाहेर नेऊन टाकतो. कोठडीत पाणी शिरते आणि अंडी फुटतात.