पेरोव्स्काइट सौर प्लेटा: वीज अधिक, पण टिकाव किती?

नव्या जातीच्या सौर प्लेटांची वार्ता ऐकून, तोंवर विहिरीवरील सौर पंप लांबणीवर टाकावा काय, असा विचार चुडाव्याच्या शिवारांतील बागाईतदाराच्या मनांत आल्यास नवल नाहीं. त्याकरितां ही माहिती देत आहों.

हल्लींच्या सिलिकॉनच्या प्लेटा उन्हाच्या शक्तीपैकीं सुमारें 20 ते 22 टक्क्यांची वीज करितात. पेरोव्स्काइट हें मूळचें उरल पर्वतांत 1839 सालीं ओळखलेल्या एका खनिजाचें नांव. त्याच रचनेचें, शिसें असलेलें कृत्रिम द्रव्य जपानांत मियासाका यांनीं 2009 सालीं सौर घटांत वापरलें, तेव्हां अवघी 3.8 टक्के वीज मिळाली. आज प्रयोगशाळेंतील लहान घटांत ती 26 टक्क्यांवर गेली आहे. सिलिकॉनवर या द्रव्याचा थर दिल्यास 34 टक्क्यांहूनही अधिक. मुंबईच्या आय.आय.टी.मध्यें प्रा. दिनेश काबरा यांच्या मंडळानेंही असे जोडघट तयार केले आहेत.

परंतु रास मोठी झाली तरी ती पेवांत टिकते कीं नाहीं, हें पाहावें लागतें. पेवांत ओल शिरली म्हणजे ज्वारी कडेनें नासत आंत जाते. येथेंही तसेंच होतें. थर बारीक स्फटिककणांचा असून कणांच्या सांध्यांतून ओल शिरते. मग द्रव्य विघटून काळा थर पिवळा पडतो आणि वीज बंद होते. उष्णतेचा जाच निराळाच. तिनें आंतील आयोडीनचे कण जागा सोडून हिंडूं लागतात. आमच्याकडील वैशाखांत प्लेट किती तापते, हें तिला हात लावणारास सांगावयास नको. आणि लगेच मृगाचा पाऊस!

यावर उपाय चालू आहेत. उष्णतेनें उडून जाणाऱ्या घटकाच्या जागीं सीझियमसारखा दमदार घटक घालितात. सांध्यांतील दोष औषधी लेपानें बुजवितात. त्या दोषांतच वीजही वायां जात असल्यामुळें या एका उपायानें उत्पन्न व टिकाव दोन्ही वाढतात. शेवटीं दोन कांचांमध्यें थर कोंडून, पेवाचें तोंड लिंपावें तशा कडा बंद करितात. गारपिटीनें कांच फुटल्यास शिसें पाण्याबरोबर जमिनींत उतरण्याचें भय मात्र उरतेंच.

85 अंश उष्णता व 85 टक्के दमट हवा यांत 1000 तास, ही प्लेटांची एक नेहमींची कसोटी आहे. म्हणजे अवघे 42 दिवस. सिलिकॉनच्या प्लेटांस 25 वर्षांची हमी मिळते. म्हणून आमचें मत असें कीं, पंप आजच सिलिकॉनवर बसवावा. नवी प्लेट विकावयास कोणी आल्यास तिनें उघड्यावर किती उन्हाळे-पावसाळे काढले, तें प्रथम विचारावें.