थंडी जमिनीतून येते

सातारा, रविवार

चि. मुक्ता,


तू पाठवलेले तिन्ही स्लीपिंग बॅगचे फोटो पाहिले. उत्तरकाशीला शाळेत रुजू होऊन महिना होतोय, तेवढ्यात तुला दाराशी अडीअडचणीची पिशवी भरून ठेवावीशी वाटली, याचं मला फार बरं वाटलं. तिथला १९९१ चा भूकंप २० ऑक्टोबरला रात्री २ वाजून ५३ मिनिटांनी झाला. किल्लारीचा पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी. आमचा कोयनेचा, ११ डिसेंबर १९६७ चा, पहाटे ४ वाजून २१ मिनिटांनी. माणसं अंथरुणातून उठून नेसत्या वस्त्रांनिशी बाहेर येतात आणि पुढे कितीतरी रात्री घरात पाऊल टाकायचा धीर होत नाही.

तीन हजारांत बसवायचं म्हणतेस. बसेल. पण सगळे पैसे बॅगेवर घालू नकोस.

कोयनानगरच्या वसाहतीत आम्ही राहायचो तेव्हा मी आठ वर्षांची होते आणि तुझे बाबा तान्हे. भूकंपानंतरची पहिली पूर्ण रात्र आम्ही मोकळ्या मैदानात काढली. तुझ्या आजीने होत्या तेवढ्या वाकळा आम्हा भावंडांच्या अंगावर घातल्या, खाली फक्त एक सतरंजी. अंगावर ओझं झालं होतं, तरी पाठ आणि कंबर गारठून गेली. मध्यरात्रीनंतर दवाने वरची वाकळ ओली झाली आणि मग अंगावर घेतलेलंच सोसवेना. दुसऱ्या दिवशी आजोबा कुठून तरी भाताचा पेंढा घेऊन आले. वीतभर जाड थर पसरला, त्यावर सगळ्या वाकळा अंथरल्या आणि अंगावर एकच मोठं घोंगडं घेतलं. त्या रात्री मला झोप लागली. पांघरूण कालच्यापेक्षा कमी होतं, हे मला तेव्हाच जाणवलं होतं. त्याचं कारण कळायला मात्र पुढे बरीच वर्षं जावी लागली.

कारण असं. बॅग काही ऊब तयार करत नाही. ऊब तुझ्या अंगाची. बॅगेतल्या तंतूंमध्ये हवा अडकून राहते आणि ती हवा ऊब बाहेर जाऊ देत नाही. तू आडवी झालीस की पाठीखालचे तंतू तुझ्या वजनाने चेपतात, हवा निघून जाते आणि तेवढ्या भागापुरती बॅग एका जाड कापडापलीकडे काही राहत नाही. खालची जमीन मग रात्रभर तुझी ऊब ओढत राहते. म्हणून पहिली खरेदी फोमच्या मॅटची. घडीची किंवा गुंडाळायची, हवा न भरायची. हवेची मॅट मऊ लागते खरी, पण काचेच्या तुकड्यांनी आणि खिळ्यांनी भरलेल्या अंगणात ती एका भोकात संपते. फोम फाटला तरी काम करतो.

आता बॅगेवरच्या आकड्याबद्दल, कारण फसगत तिथेच होते. चांगल्या बॅगांची चाचणी आयएसओ २३५३७ या मानकाप्रमाणे होते. गरम केलेला पुतळा आतले कपडे घालून बॅगेत ठेवतात, आणि लक्षात घे, मॅटवर ठेवतात. म्हणजे तो आकडाच मुळी मॅट धरून काढलेला असतो. त्यातून तीन तापमानं निघतात. ‘कम्फर्ट’ म्हणजे सर्वसाधारण स्त्री निवांत झोपू शकेल ते. ‘लिमिट’ म्हणजे सर्वसाधारण पुरुष अंग आखडून कशीबशी रात्र काढील ते. ‘एक्स्ट्रीम’ म्हणजे सहा तास जीव तगेल एवढंच, हातापायांची बोटं वाचतील याची हमी नाही. तुझ्या दुसऱ्या फोटोतल्या बॅगेवर मोठ्या अक्षरांत उणे पाच लिहिलंय आणि तो आकडा यातला कोणता हे कुठेच सांगितलेलं नाही. ती घेऊ नकोस. तू फक्त कम्फर्टचा आकडा बघ.

उत्तरकाशी साधारण साडेअकराशे मीटरवर आहे, भर हिवाळ्यात रात्री पारा शून्याच्या जवळ येतो. शून्य अंश कम्फर्टची बॅग मिळाली तर उत्तमच, पण तुझ्या पैशांत ती ओढाताण होईल. पाच अंश कम्फर्टची साधी बॅग, फोमची मॅट, अंगात स्वेटर, कानटोपी, कोरडे मोजे आणि वरून एक लोकरी पांघरूण, एवढ्यात तुझी रात्र निभावेल असा माझा विश्वास आहे. पहिल्या फोटोतली घे.

पिसांची, म्हणजे डाउनची बॅग हलकी असते, छोटी घडी होते, खूप उबदार असते, पण ओली झाली की पिसं एकमेकांना चिकटून बसतात आणि ऊब संपते. उघड्यावर दव पडणार, पाऊसही येईल, आणि वाळवायला जागा नसेल. पॉलिस्टर तंतूंची बॅग जड असली तरी भिजल्यावरही थोडीफार साथ देते आणि लवकर वाळते. तुला ती पाठीवर घेऊन डोंगर चढायचा नाही.

चेन बाजूने पूर्ण उघडणारी आणि आतून-बाहेरून दोन्हीकडून ओढता येणारी हवी. निमुळत्या आकाराची बॅग जास्त उबदार, हे खरंच. तरी तुझ्यासाठी मी चौकोनी, डोक्याला टोपी असलेली निवडीन. शेजारची म्हातारी किंवा वर्गातलं एखादं पोर त्या रात्री तुझ्याजवळ असेल. बॅग पूर्ण उघडली की तिची रजई होते आणि दोघांना पुरते. दुसरं म्हणजे पुन्हा धक्का बसला तर तुला क्षणात बाहेर पडता आलं पाहिजे. डोळे मिटून चेन दहा वेळा उघडून बघ. कापड अडकत असेल तर दुकानातच परत कर.

चंदेरी कागदासारखी इमर्जन्सी बॅग मिळते, तीही एक घे. वजन नगण्य असतं. वारा आणि पाऊस अडवायला बॅगेच्या बाहेरून वापर, पण तोंड बंद करू नकोस, नाहीतर अंगाच्या वाफेनेच आतून सगळं ओलं होईल. तोंड आत घेऊन श्वासही सोडू नकोस, त्यानेही तेच होतं.

एक गोष्ट अगदी बजावून सांगते. गाडीत, तंबूत, ताडपत्रीखाली शेगडी पेटवून कुणी झोपत असेल तर त्यांना उठव. शेगडीतून निघणाऱ्या विषारी वायूला वास नसतो. ऊब हवी असेल तर पाणी गरम करून घट्ट झाकणाच्या बाटलीत भर, बाटली मोज्यात घाल आणि पायाशी ठेव. झोपण्याआधी पोटात काहीतरी जाऊ दे.

बॅग तिच्या छोट्या खोळीत कोंबून ठेवू नकोस. महिनोन् महिने दाबून राहिले की तंतू परत फुलत नाहीत. उशीचा मोठा अभ्रा घे, त्यात सैल भर आणि दाराजवळ खुंटीला अडकव. मॅट तिच्याच मागे उभी राहील.

आणि डिसेंबरात एक रात्र घरमालकिणीला सांगून गच्चीवर झोप. काय कमी पडतं ते त्या एका रात्रीत कळेल, आणि पायऱ्या उतरून घरात जाता येईल.

लोकरी पांघरूण मात्र विकत घेऊ नकोस. आजोबांचं घोंगडं माझ्याकडे आहे, चार दिवस उन्हात घालून झाडून ठेवलंय. त्यावर दव वरच्यावर राहतं, सकाळी झटकलं की झालं. बाबा नाताळात तुझ्याकडे येतील तेव्हा त्यांच्याबरोबर पाठवते. त्यांची बॅग छोटी असते, तेव्हा त्यांना आधीच सांगून ठेव.

तुझी,
आत्या