मुलगा सारखा आजारी का पडतो?

बाळ पाच-सहा महिने ठणठणीत असते. पुढे मात्र कान फुटणे, न्युमोनिया, गळवे यांचे सत्र सुरू होते. औषधाने बरे वाटते, थोड्या दिवसांत पुन्हा तेच. आसेगावसारख्या खेड्यात मग कुणी नजर लागली म्हणतो, कुणी आईच्या दुधाला दोष देतो. अशा काही मुलांच्या दुखण्याचे मूळ मात्र पेशीतील एका विकरात असते.

रोगजंतूंशी लढणारी प्रतिपिंडे रक्तातील बी-पेशींपासून मिळतात. या पेशी हाडांच्या मगजात जन्मतात आणि टप्प्याटप्प्याने तयार होतात. पुढच्या टप्प्याचा निरोप पेशीच्या आत पोचवण्याचे काम 'कायनेज' नावाची विकरे करतात. एक कायनेज दुसऱ्या प्रथिनाला फॉस्फेट जोडून जागे करते, ते तिसऱ्याला. बांधकामावर घमेली हातोहात पुढे जावीत तसे हे चालते. मधला एक गडी नसला की काम अडते. इथे तो गडी म्हणजे 'ब्रुटन टायरोसिन कायनेज'.

अमेरिकन लष्करी डॉक्टर ऑग्डेन ब्रुटन यांना 1952 साली आठ वर्षांच्या एका आजारी मुलाच्या रक्तात प्रतिपिंडांचा अंश, म्हणजे गॅमा ग्लोब्युलिन, आढळला नाही. तो टोचून देताच मुलगा सुधारला. कारण असलेले कायनेज 1993 साली सापडले. पहिले काही महिने बाळाला गर्भात आईकडून मिळालेली प्रतिपिंडे सांभाळतात, म्हणून आजार उशिरा दिसतो.

या विकराचे जनुक एक्स गुणसूत्रावर असते. मुलाकडे एकच एक्स असल्याने आजार मुलांनाच होतो. मामा किंवा मावसभाऊ लहानपणी दगावला असेल तर डॉक्टरांना जरूर सांगा. त्यात आईचा काहीही अपराध नाही. काही घरांत तर हा दोष प्रथमच उद्भवतो.

वर्षात दोनदा न्युमोनिया झाला किंवा चार वेळा कान फुटला, तर बालरोगतज्ज्ञांकडून रक्तातील इम्युनोग्लोब्युलिन तपासून घ्या. पुढील तपासणी मुंबईत परळ येथे, केईएम रुग्णालयाच्या आवारातील राष्ट्रीय इम्युनोहिमॅटॉलॉजी संस्थेत होते.

आजार समूळ जात नाही. पण दर तीन-चार आठवड्यांनी शिरेतून इम्युनोग्लोब्युलिन दिल्यास मूल शाळेत जाते, मोठे होते. हे उपचार जन्मभर चालतात. अशा मुलाला तोंडावाटे पोलिओ डोस देऊ नये. भावंडांबाबतही डॉक्टरांना विचारावे. इतर मुलांचा डोस मात्र कधीही चुकवू नका.