आज्ञापालनाची परीक्षा

बैलांच्या शर्यती आपणांस परिचित आहेत. तेथे वेग जिंकतो. परंतु जेथे वेग, बळ वा रूप यांपैकी कशालाही महत्त्व नाही, अशीही एक स्पर्धा आहे. ती म्हणजे कुत्र्यांच्या आज्ञापालनाची स्पर्धा. तिचा परिचय आम्ही येथे करून देत आहोत.

अमेरिकेत या खेळाचा प्रारंभ १९३३ साली झाला. न्यूयॉर्क राज्यातील हेलन व्हाइटहाउस वॉकर या बाई पूडल जातीचे कुत्रे पाळीत. त्यांचे कातरलेले कुरळे केस पाहून लोक हसत व ‘हे शोभेचे प्राणी, यांना बुद्धी कोठली?’ असे म्हणत. बाईंनी वाद घातला नाही. माउंट किस्को येथे त्यांनी परीक्षाच मांडली. १९३६ साली अमेरिकन केनेल क्लबने या परीक्षेचे नियम स्वीकारले. २०१० सालापासून तर तेथे मिश्र जातीच्या कुत्र्यांनाही प्रवेश मिळू लागला.

एकूण गुण २००. उत्तीर्ण होण्यास १७० गुण लागतात. शिवाय प्रत्येक कसोटीत निम्म्याहून अधिक गुण हवेत. मालकाच्या डाव्या बाजूस राहून त्याच्या पावलाबरोबर चालावे, तो थांबताच बसावे, दूर बसवले असता हाक येताच धावत यावे, या आरंभीच्या कसोट्या होत. सर्वांत वरच्या वर्गात एका कसोटीत मालक एक शब्दही न बोलता केवळ हाताच्या खुणांनी आज्ञा देतो. तेथे सारख्या दिसणाऱ्या अनेक वस्तूंतून मालकाच्या हाताचा वास लागलेली वस्तू कुत्र्याला हुडकून आणावी लागते.

परंतु आम्हांस या खेळाचे मर्म निराळ्याच ठिकाणी दिसते. मालकाने तीच आज्ञा पुन्हा दिली, तर गुण कमी होतात. कुत्र्याशी कठोरपणे वागणाऱ्यासही तेथे क्षमा नाही. कुत्र्याने काम किती उत्साहाने व आनंदाने केले, हेही परीक्षक पाहतात. मार खाऊन शिकलेला कुत्रा शेपूट पायांत घालून चालतो. त्याची चालच मालकाविरुद्ध साक्ष देते. म्हणून चांगला शिक्षक रोज थोडाच वेळ शिकवतो, एका कामासाठी एकच शब्द वापरतो आणि काम बरोबर होताच, त्याच क्षणी, शाबासकी देतो.

आपल्या अंगणातल्या गावठी कुत्र्यालाही याच रीतीने शिकविता येईल. विद्यार्थिमित्रांनी हा प्रयोग अवश्य करून पाहावा. मात्र एक ध्यानात असू द्यावे : गुण कुत्र्याला मिळतात, पण परीक्षा शिकविणाराची असते.