अंतराळातील वैद्य : डॉ. पोल्याकोव्ह

वजनरहित अवस्थेत माणसाच्या हाडांतील कॅल्शियम घटते, पायांचे स्नायू दुबळे होतात. मग कित्येक महिन्यांचा प्रवास करून मंगळावर उतरलेला माणूस तेथे स्वतःच्या पायांवर उभा तरी राहू शकेल काय? या प्रश्नाचे उत्तर रशियन वैद्य डॉ. व्हॅलेरी पोल्याकोव्ह यांनी स्वतःच्याच देहावर शोधले.

१९४२ साली तूला येथे जन्मलेल्या पोल्याकोव्ह यांची अंतराळवीर म्हणून निवड १९७२ मध्ये झाली. प्रत्यक्ष उड्डाणासाठी मात्र त्यांना १६ वर्षे थांबावे लागले. १९८८ मध्ये ते 'मीर' स्थानकावर गेले. तेथे वर्षभराचा मुक्काम पुरा करीत आलेल्या तितोव्ह व मनारोव्ह यांच्या प्रकृतीवर त्यांनी देखरेख ठेवली आणि २४० दिवसांनी ते परतले.

८ जानेवारी १९९४ रोजी ते पुन्हा निघाले. या खेपेस वैद्य तेच आणि रुग्णही तेच! नियमित व्यायाम हेच मुख्य औषध. ४३७ दिवसांनंतर, २२ मार्च १९९५ रोजी, यान कझाकस्तानात उतरले. दीर्घ मुक्कामाहून परतणाऱ्यांना उचलून नेण्याचा प्रघात असे. पोल्याकोव्ह मात्र जवळच मांडलेल्या खुर्चीपर्यंत चालत गेले. अंतर थोडेसेच, परंतु सारा खटाटोप त्या चार पावलांसाठीच होता. २०२२ मध्ये त्यांचे निधन झाले. सलग अंतराळवासाचा त्यांचा विक्रम अद्याप अबाधित आहे.