चष्मा काढून त्रिमिती चित्रे पाहताना

सरावलीला एका घरी गेलो असता माळ्यावरचा जुना व्ह्यूमास्टर खाली निघाला. 1939 साली अमेरिकेत आलेले हे खेळणे तुमच्याही घरी कदाचित असेल. एका चकतीवर 14 चित्रे, म्हणजे 7 जोड्या. धाकट्या मुलाला त्यातला हत्ती अंगावर आल्यासारखा दिसला. नववीतली बहीण मात्र चष्मा काढून डोकावली आणि म्हणाली, "काका, मला सगळं धुरकटच दिसतंय." चष्मा लावून पाहिले, तर डोळा भिंगापासून लांब राहिला आणि चित्राच्या कडा कापल्या गेल्या. "मला नाही दिसायचं हे," म्हणून तिने तो ठेवून दिला.

दोष कोठे होता? अशा यंत्रात चित्र साधारणपणे भिंगाच्या नाभीवर ठेवलेले असते. त्यामुळे किरण समांतर बाहेर पडतात, जणू फार दुरून आल्यासारखे. या मुलीचा नंबर उणे 4, म्हणजे 25 सेंटिमीटरपलीकडचे तिला अस्पष्ट. दूरदृष्टिता असलेला मुलगा डोळ्यावर ताण देऊन वेळ मारून नेतो. निकटदृष्टिता असलेल्याने ताण दिला तर चित्र अधिकच पुसट होते. म्हणून अडते ते याच मंडळींचे.

उपाय सोपा आहे: भिंग चित्राच्या जवळ आणा. समजा, नाभीय अंतर 5 सेंटिमीटर. भिंगाची शक्ती 100 ÷ 5 = 20 डायॉप्टर. तिच्या नंबरचे 4 मिळवा, झाले 24. आता 100 ÷ 24 = सुमारे 4.2 सेंटिमीटर. म्हणजे भिंग 8 मिलिमीटर आत सरकवायचे. उणे 2 नंबराला किती, ते तुम्ही काढा. (डोळा भिंगाला अगदी लागून आहे असे येथे धरले आहे.)

साध्या व्ह्यूमास्टरची भिंगे हलत नाहीत. तेव्हा आम्ही पुठ्ठ्याची पेटीच केली. दोन सारखी बहिर्गोल भिंगे घ्या. दूरच्या धुराड्याची उलटी प्रतिमा कागदावर पाडून नाभीय अंतर मोजा. (सूर्याकडे भिंगातून कधीही पाहू नका.) दोन्ही भिंगे एकाच सरकत्या पट्टीवर 6 सेंटिमीटर अंतराने बसवा, म्हणजे ती बरोबरच सरकतील. चित्रांसाठी मोबाइल 6 सेंटिमीटर बाजूला सरकवून एकाच देखाव्याचे दोन फोटो घ्या. त्यांच्या छोट्या प्रती, डावा डावीकडे आणि उजवा उजवीकडे, मध्यांत तेवढेच अंतर ठेवून चिकटवा. मध्ये पुठ्ठ्याचा पडदा हवा आणि उजेडासाठी वरची बाजू उघडी.

पट्टी आधी पूर्ण बाहेर ओढा, मग हळूहळू आत न्या. चित्र प्रथम स्पष्ट होईल तेथेच थांबा. त्यापुढेही ते काही अंतर स्पष्टच दिसेल, पण तेव्हा डोळ्याला ताण पडत असतो. घाई केलीत तर नेमके हेच चुकते. एकेक डोळा मिटून तपासा. दोन्ही डोळ्यांचे नंबर वेगळे असतील तर प्रत्येक भिंगाला स्वतंत्र नळी करावी लागते. चष्म्यात सिलिंड्रिकल नंबर असेल, तर तो मात्र सरकवण्याने जात नाही. तेथे चष्माच लावावा लागतो.

सरावलीच्या पेटीवर पेन्सिलीच्या दोन रेघा आहेत, एक बहिणीची, एक भावाची. मोजपट्टी लावली तेव्हा अंतर 8 मिलिमीटरला थोडे कमी भरले. का, त्यावर भावंडांचा वाद चालू आहे.